मधलं फडकं

"गाणं बदलायचं असेल तर बुरणूसही तुमचा तुम्हीच लाटा," असं म्हणून झब्दैनं वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या आणि तो अंगणाच्या कठड्यावर जाऊन बसला.

सकाळपासून तो दोनदा असा उठून गेला होता आणि दोन्ही वेळा चुलीवरचं पाणी उतू जायला लागल्यावर आपणहून परत आला होता. त्यामुळे कुणी त्याची समजूत काढायला गेलं नाही. त्याची बायको शल्मत पाण्यात राख ढवळत राहिली. धाकटा भाऊ बरसम्या लोकर पिंजत राहिला. आणि जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं ती मुलगी, शमूनी, चटईपाशी उकिडवी बसून हसू दाबत रंगीत लोकरीच्या द्राक्षवेलीचं शेवटचं पान जागेवर बसवत होती.

बुरणूसवाल्याच्या घरी ना सूत, ना माग. चटईवर लोकरीचा जाड थर पसरायचा, त्यावर राखेचं गरम पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करायची आणि सगळ्यांनी ओळीनं गुडघ्यावर बसून कोपरांनी ती पुढंमागं लाटत राहायची. लोकरीचा केस केसात शिरतो आणि दुपारपर्यंत त्याचं जाड, घट्ट कापड होतं. हात एका तालात पडले नाहीत तर बुरणूस एकीकडे जाड आणि एकीकडे झिरझिरीत होतो. म्हणून गाणं हवं. या घरात गाणं एकच होतं, झब्दैच्या आजोबांपासून चालत आलेलं:

*टाक रे जीवा, अंगीचं जुनेर,*
*मातीचं मातीला, तू चल दूर.*

दुसऱ्या ओळीनंतर झब्दैचा बाप गरमू मोठ्यानं "हय्या!" घालायचा. ती नेहमी जराशी उशिरा यायची, पण अशी दणदणीत यायची की ऊर्हाय शहरातल्या तळ्यातले मासे बुडी मारतात, असं गल्लीतले लोक म्हणायचे. गेल्या सुगीत गरमू गेला. तेव्हापासून "हय्या!" झब्दै घालत होता. बापासारखीच, मुद्दाम जराशी उशिरा.

"गाण्यात वाईट काय आहे ते तरी सांग," तो कठड्यावरून म्हणाला.

"वाईट हेच की ते खोटं आहे, बाबा," शमूनी म्हणाली. ती देवळातल्या गायक मुलींमध्ये होती आणि आज तिनं त्याच चालीवर बसणारे नवे शब्द आणले होते. "देवानं अंग दिलं ते टाकून द्यायला नाही. रविवारी आपण उभं राहून म्हणतो की मेलेले अंगासकट उठतील. आणि सोमवारी इथं येऊन म्हणतो, मातीचं मातीला, चल पुढं."

"रविवारचं रविवारी. सोमवारी हात चालायला हवेत."

"दादा, हे तारेवाल्यांचं गाणं आहे," बरसम्या म्हणाला. "पाखंड आहे."

"आपल्या आजोबांचं आहे."

"आजोबा तारेवालेच होते."

"आणि तू त्यांच्याच मांडीवर हे गाणं ऐकत झोपायचास. झोप लागायची ना?"

"लागायची," बरसम्यानं कबूल केलं.

"मग झालं तर."

"पण दादा, सण आठ दिवसांवर आलाय. पुनरुत्थानाचा सण! त्या दिवशी या पोरी थंड फरशीवर उभ्या राहून गाणार, म्हणून देवळानं आपल्याकडे बुरणूस मागितला. तो आपण या गाण्यावर लाटायचा?"

झब्दै डाळिंबाच्या झाडाकडे बघत बसला. झाडाखाली त्याची आई, अमतसीन, मांडीवर लोकर घेऊन तिच्यातले काटे वेचत होती. खरी गोष्ट तिच्याशी अडली होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. एवढी वर्षं ओळीत गरमूच्या शेजारी बसून गाणं उचलायची ती. गरमूला पुरून आल्यावर पहिला बुरणूस लाटायला बसले तेव्हा "मातीचं मातीला" पाशी तिचा आवाज थांबला, तो थांबलाच. ती उठली आणि झाडाखाली जाऊन बसली. तेव्हापासून ती ओळीत बसली नव्हती. झब्दै गाणं उचलायचा पण घाई करायचा, आणि गिऱ्हाइकं बुरणूस उजेडात धरून नाक मुरडायला लागली होती.

आई परत यावी असं झब्दैलाही वाटत होतं, कदाचित सगळ्यांपेक्षा जास्त. पण त्यासाठी शब्द बदलायचे? बापाच्या तोंडातून रोज बाहेर पडलेले शब्द होते ते. बापाची कुऱ्हाड गंजली, चपला कुणी तरी मागून नेल्या. गाणं तेवढं जसंच्या तसं उरलं होतं आणि आता तेही घरातलीच माणसं उसवायला बसली होती. ते त्याला सहन होत नव्हतं.

एवढ्यात दारात गाढव ओरडलं आणि त्याच्या मागोमाग मोकीमूकाका आत आला.

मोकीमू म्हणजे गरमूचा भाऊ. गरमूनं लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला. मोकीमू मात्र बापाच्या पंथात, तारेवाल्यांतच राहिला. सात ग्रहांचं गणित, तेल लावलेली दाढी, भरतकाम केलेली तुमान आणि कधीही न बिघडणारा स्वभाव. त्याच्याशी भांडायला लोक जोरात यायचे आणि त्याच्याकडे जेवून परत जायचे.

"वहिनी, पालूतवाल्यांचा उपास संपला की नाही अजून?" त्यानं आल्या आल्या विचारलं.

"पालूतवाली म्हणू नका मला, भावोजी," अमतसीन मान वर न करता म्हणाली. "तो पालूत बिशप मेला तेव्हा माझी आजीसुद्धा जन्मली नव्हती. मी ख्रिस्ताची आहे. तुम्हाला तारे मोजायला ज्यानं शिकवलं, त्याच्या नावानं तुम्हाला हाक मारू का?"

"मारा की. मला आवडेल."

त्यानं कठड्यावर घडी करून ठेवलेलं एक स्वच्छ फडकं उचललं, डाळिंबाखाली अंथरलं आणि त्यावर भाजलेली कबुतरं मांडली. वासानं बरसम्याचा पिंजणारा हात थांबला.

"उपास आहे, काका," शल्मत म्हणाली.

"तुम्हाला आहे. तुमच्यासाठी जैतुनं आणि भाकरी आणलीय. मी काय पाखंडी माणूस, मला सगळं चालतं." मग त्यानं चटईकडे पाहिलं. "आणि माझा बुरणूस? बागेतल्या बाकासाठी सांगितलेला, सात ताऱ्यांचा?"

"आधी देवळाचा," बरसम्या म्हणाला.

"आधी भांडण संपू दे, मग कुणाचा तरी," शल्मत म्हणाली आणि भांडण कशावरून आहे ते तिनं सांगून टाकलं. झब्दै कठड्यावरून उतरून भाकरीला बसला. काका आपल्या बाजूनं बोलणार हे त्याला माहीत होतं.

काकानं कबुतराचा पाय मोडला. "तर गरमू उठणार म्हणता. कुठला गरमू? लग्नातला की शेवटचा? शेवटचा असेल तर बिचारा गुडघा धरून ओरडतच उठेल."

"तरुण उठेल," बरसम्या ठासून म्हणाला.

"म्हणजे टकलावर केस? वहिनींनी ओळखलं नाही तर? परका पुरुष म्हणून लाटणं घेऊन मागं लागतील."

शल्मतला हसू आवरेना. बरसम्या लाल झाला. "ते... पाद्रीबाबांना विचारून सांगतो."

"विचार. आणि हेही विचार, की सैनिकाला लांडग्यांनी खाल्लं तर देव लांडग्यांकडून हिशेब घेणार का? अरे, जीव उजेडातून आला, वाटेत सात ग्रहांनी एकेक गाठोडं त्याच्या पाठीवर दिलं, मेल्यावर तो सगळं उतरवून मोकळा होतो. यात वाईट काय? मला तर ऐकूनच हलकं वाटतं."

"देवानं माती हातात घेऊन माणूस केला, आजोबा," शमूनी म्हणाली. "ग्रहांनी नाही. आणि केल्यावर चांगलं झालंय असं तो म्हणाला. लांडग्यालाही त्यानंच केलं, त्याला सापडेल. प्रभू उठला तेव्हा अंग कबरेत टाकून आला का? खिळ्यांचे वण दाखवले त्यानं. भाजलेला मासा मागून खाल्ला."

"मासा! हळू बोल, तळ्यातले ऐकतील."

सगळे हसले, झब्दैसुद्धा. हसू ओसरल्यावर झाडाखालून अमतसीनचा आवाज आला.

"वण राहिले म्हणालीस?"

"हो, आजी."

"म्हणजे त्याचा अंगठाही राहील? उजवा. वाकडा झालेला."

शमूनीनं जरा विचार केला. "राहील, आजी. दुखणार नाही, पण राहील."

"बरं," अमतसीन म्हणाली आणि परत काटे वेचायला लागली.

झब्दैनं हातातली भाकरी खाली ठेवली. आई गेल्या सुगीपासून बापाबद्दल बोललीच नव्हती आणि आज बोलली ती त्याच्याशी नव्हे, पोरीशी. तो रागानं उठला. "पाणी थंड होतंय. लाटायचं असेल तर चला."

"दोन्ही एकदमच लाटू," शल्मत म्हणाली. "बाबांच्या वेळी करायचो तसं. खाली देवळाचा, वर काकांचा, मध्ये फडकं. एका पाण्यात दोन्ही होतील."

हे सगळ्यांना पटलं. दोन बुरणूस एका गुंडाळीत लाटायचे तर मध्ये फडकं हवंच, नाही तर ते एकमेकांत शिरतात. ते अंथरायचं काम कायम गरमूचं असे. आज वेलीवर देवळाच्या बुरणुसाचा पांढरा थर चढला, त्यावर काकाच्या बुरणुसाचा थर चढला, आणि त्यावर शमूनीनं पिवळ्या लोकरीचे सात तारे मांडले. या सगळ्या वेळात झब्दै एका टोकाला आणि बरसम्या दुसऱ्या टोकाला गाण्यावरून एकमेकांना बोलत होते. मधलं काम दुसऱ्यानं केलं असेल असं प्रत्येकाला वाटलं.

गुंडाळी बांधली. काकालाही तुमान वर करून ओळीत बसवलं. गरमूची जागा आणि तिच्याशेजारची अमतसीनची जागा नेहमीसारखी रिकामी सोडली. झब्दैनं जुनं गाणं उचललं. बरसम्यानं हट्टानं स्तोत्र सुरू केलं. शमूनी नवे शब्द गुणगुणायला लागली, काका गोड गळ्यानं जुने, आणि शल्मत नुसतीच "हूं, हूं" करून सगळ्यांना आवरू बघत होती. गुंडाळी कधी इकडे पळे, कधी तिकडे.

"स्तोत्रावर लाटतात का कुणी? ते संपेपर्यंत लोकर म्हातारी होईल!"

"तू घाई करतोस, दादा! आई कधी एवढी घाई करायची का?"

"हय्या!" झब्दै ओरडला, नको तेवढ्या जोरात.

अखेर हात भरून आले तेव्हा गुंडाळी सोडली. चटई उलगडली. सात तारे पिवळेधमक उठून आले होते. झब्दैनं काकाच्या बुरणुसाचं टोक धरून वर उचललं, तर त्याच्याबरोबर देवळाचाही बुरणूस उचलला गेला.

"फडकं कुठंय?" शल्मत म्हणाली.

मग एकेकाची मान डाळिंबाकडे वळली. झाडाखाली फडकं नीट अंथरलेलं होतं आणि त्यावर कबुतराची हाडं होती.

"मी म्हटलं हातपुसणं असेल," काका म्हणाला.

पहिली शल्मत हसली, मग शमूनी. बरसम्या मात्र डोकं धरून बसला. "देवळाचा आणि तारेवाल्यांचा बुरणूस एक झाला! आता पाद्रीबाबांना काय सांगू?"

"सांग, समेट झाला," काका म्हणाला.

"थट्टा नको, काका. दादा, सोडव हे. सुरी घे."

झब्दैनं सुरी आणली. कडेला टोक घालून दोन थर सुटे होतात का ते पाहिलं. काकानंही बोटांनी सोलून बघितलं. शेवटी तोही बुरणूसवाल्याच्याच घरात वाढलेला. तारा होता तिथून पांढरी लोकर उपटून आली आणि पांढरीबरोबर वेलीचं हिरवं.

"नाही व्हायचं," झब्दै सुरी खाली ठेवत म्हणाला. "सूत असतं तर उसवलं असतं. याच्यात उसवायला काही नाही. आता हा वरचा आणि हा खालचा असं राहिलंच नाही. फाडलं तर दोन्ही जातील."

"ऐकलंत, भावोजी?" अमतसीन म्हणाली.

ती उठून उभी होती. मांडीवरची लोकर खाली सांडली होती आणि तिनं ती उचलली नाही.

"तुम्ही म्हणता, अंग म्हणजे अंगरखा. काढला, टाकला, मोकळं झालं. मी एवढी वर्षं त्या माणसाच्या शेजारी गुडघ्यावर बसले. त्याच्या हाताशी हात लावून लाटलं. त्याच्या घामाचा वास मला पाठ आहे. त्याचा हात कुठं संपायचा आणि जीव कुठं सुरू व्हायचा? मला तर ते मधलं फडकं कधी सापडलं नाही."

काका हसत नव्हता. त्यानं बुरणुसावरून हळूच हात फिरवला. "वहिनी, याला उत्तर म्हणत नाहीत."

"नसेल. तुमच्याइतकं शिकले नाही मी. पण देव मला अर्धा नवरा परत देणार असेल तर मी घेणार नाही, एवढं त्याला सांगून ठेवलंय."

"मला पटलं असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका. तुम्हाला पटो न पटो, उठणार तुम्हीही आहात, या पोटासकट. आणि उठल्या उठल्या भूक लागली म्हणाल. तेव्हा माझ्याकडे कबुतरं मागू नका, एवढंच."

काका इतका हसला की त्याला बसावं लागलं. "बरं, बाई. भावाला परत भेटायचं तर तुमच्याच दारात यावं लागणार, हे मला कधीपासून ठाऊक आहे." त्यानं डोळे पुसले; ते फक्त हसण्यानं ओले झाले नव्हते. "हा बुरणूस देवळाला द्या. माझा भाग माझ्याकडून. पोरींच्या पायांना दुप्पट ऊब."

"पण खाली सात तारे!" बरसम्या म्हणाला. "ग्रह! देवळात!"

"तारे कुणी केले, काका?" शमूनीनं बरसम्याला विचारलं. "आपल्याच देवानं ना? ते कुणाचं नशीब लिहीत नाहीत, नुसते उजळतात. राहू देत वेलीखाली. जागेवर आहेत."

बरसम्यानं हे मनात घोळवलं आणि त्याचा चेहरा खुलला. हे पाद्रीबाबांना सांगण्यासारखं होतं.

झब्दै मात्र अजून सुरीकडे बघत होता. "आई," तो म्हणाला, "मी हट्टानं नाही करत. बाबांचं तेवढंच राहिलंय माझ्याकडे. ते शब्द."

अमतसीन त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिनं त्याची सकाळी खाली ओढलेली, लाटताना भिजलेली बाही कोपरापर्यंत वर सारली, मग दुसरी.

"तुला त्याचे शब्द हवेत, झब्दै," ती म्हणाली. "मला तो हवाय."

झब्दैनं खाली वाकून आईच्या पायाशी सांडलेली लोकर गोळा केली. घरचा कर्ता तो, पण लहान पोरासारखा एकेक पुंजका वेचत राहिला.

"बुरणूस अजून घट्ट व्हायचाय," शेवटी तो म्हणाला. "आणखी एकदा लाटावा लागेल. शमे, तुझे शब्द सांग आजीला."

शल्मतनं नवं गरम पाणी शिंपडलं. गुंडाळी पुन्हा बांधली गेली. अमतसीन ओळीत आपल्या जागी गुडघ्यावर बसली, गुडघा कुरकुरला तेव्हा तिनं त्याला शिवी दिली आणि काका म्हणाला, "हाच गुडघा घेऊन उठणार ना?" "हाच," ती म्हणाली. तिच्या शेजारी गरमूची जागा रिकामी होती. त्या जागेपलीकडे झब्दै बसला. अमतसीननं कोपरं टेकली आणि गाणं उचललं. आवाज सुरुवातीला खरखरीत निघाला, मग मोकळा झाला. घाई नव्हती. सगळ्यांचे हात आपोआप तिच्यामागून यायला लागले.

*ठेव गं माती, जपून जुनेर,*
*मालक यायचा आहे, उघडं ठेव दार.*

झब्दैनं छाती भरून श्वास घेतला. तो तोंड उघडणार एवढ्यात रिकाम्या जागेवरून आईचा ओला हात आला आणि त्याच्या मनगटावर पडला.

"राहू दे," ती म्हणाली. "ती त्याची आहे."

"मग तिथं काहीच नको?"

"नको. आला की घालेल."

तिनं हात परत गुंडाळीवर ठेवला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. बरसम्यानं स्तोत्र सोडून दिलं होतं. शल्मत गात होती, शमूनी गात होती, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत झब्दैलाही शब्द आले. दुसरी ओळ संपली की सगळे गप्प व्हायचे. हात चालूच असायचे, चटईतून पाणी गळत असायचं, आणि तेवढ्यापुरती ती जागा मोकळी राहायची. झब्दै प्रत्येक वेळी तिकडे कान द्यायचा.

मोकीमूकाकाही तिथं गप्प राहत होता.